श्वास, आश्वास आणि आकांक्षा : पाली शब्दांच्या आधारे एक विचार

बौद्ध धम्माविषयी एक आक्षेप पुनःपुन्हा घेतला जातो. तृष्णा हे दुःखाचे मूळ आहे असे भगवान बुद्धांनी सांगितले. म्हणून बौद्ध माणसाने कशाचीच इच्छा धरू नये, महत्त्वाकांक्षा बाळगू नये, आहे त्यात समाधान मानावे, असा तो आक्षेप होय. तो घेणाऱ्यांत जसे धम्माचे विरोधक आहेत, तसेच काही श्रद्धावान उपासकही आहेत. मुलाने वरच्या परीक्षेला बसावे, मुलीने उच्च शिक्षण घ्यावे, वस्तीने आपल्या हक्कासाठी उभे राहावे, असे त्यांना मनापासून वाटते. आणि त्याच वेळी ही इच्छा म्हणजे तृष्णाच नव्हे काय, अशी शंकाही मनात डोकावते. ज्या समाजाला शतकानुशतके इच्छा धरण्याचाच अधिकार नाकारला गेला, त्या समाजापुढे हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. तो जगण्याचा प्रश्न होतो.

या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात शब्दांच्या वाटेने करावयाचा आहे. शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे सिद्धान्ताचा पुरावा नव्हे, हे खरे. तथापि एखाद्या भाषेने श्वास, धीर, आशा आणि तृष्णा यांच्यासाठी कोणते शब्द घडविले व ते कोठे वापरले हे पाहिले, म्हणजे पुष्कळ गैरसमज आपोआप गळून पडतात.

एका इंग्रजी शब्दाचे मूळ

पाली ग्रंथांची इंग्रजी भाषांतरे वाचताना 'ॲस्पिरेशन' हा शब्द अनेकदा भेटतो. 'पणिधान', 'पत्थना' अशा पाली शब्दांसाठी अनुवादक त्याची योजना करतात. मराठीत आपण त्याला आकांक्षा म्हणतो. या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. 'आद्' म्हणजे 'च्याकडे' आणि 'स्पिरारे' म्हणजे श्वास घेणे, फुंकणे, वाहणे. या दोहोंपासून 'आस्पिरारे' हे क्रियापद बनले. एखाद्या गोष्टीच्या दिशेने श्वास सोडणे, हा त्याचा मूळ अर्थ. अनुकूल वारा वाहणे, देवतेची कृपा होणे, असेही अर्थ त्याला लॅटिनमध्येच आले, आणि पुढे उंच ध्येयाकडे झेपावणे हा अर्थ रूढ झाला. श्वसनाला 'रेस्पिरेशन' आणि प्रेरणेला 'इन्स्पिरेशन' म्हणतात, तेही याच धातूवरून. कटाला 'कॉन्स्पिरसी' म्हणतात, कारण त्यात अनेकांचा श्वास एक झालेला असतो.

महत्त्वाकांक्षेसाठी इंग्रजीत दुसरा शब्द आहे 'ॲम्बिशन'. त्याचा इतिहास वेगळा आहे. प्राचीन रोममध्ये पदाचे उमेदवार मते मागत लोकांमध्ये फिरत असत. त्या फिरण्याच्या क्रियेवरून हा शब्द आला. म्हणजे एका शब्दाचे मूळ उमेदवाराच्या पायपिटीत आहे, तर दुसऱ्याचे माणसाच्या छातीतील श्वासात.

'ॲस्पिरेशन' या शब्दाचा आणखी एक अर्थ उच्चारशास्त्रात आहे. ख, घ, थ, ध, फ, भ या वर्णांचा उच्चार करताना श्वास जोराने बाहेर पडतो. मराठी व्याकरणात त्यांना महाप्राण म्हणतात. पालीच्या परंपरेत अशा वर्णांना 'धनित' आणि अल्पप्राण वर्णांना 'सिथिल' अशी नावे आहेत. संघाच्या कर्मात जी कम्मवाचा म्हटली जाते, तिच्यात सिथिलाच्या जागी धनित किंवा धनिताच्या जागी सिथिल उच्चारला गेला, तर ती कम्मवाचा दूषित होते, असे विनयाच्या अट्ठकथेत सांगितले आहे. हा नुसता काटेकोरपणा नव्हे. 'संघ' या शब्दातील घकाराचा प्राण काढून घेतला तर 'संग' उरतो, आणि पालीत संग म्हणजे आसक्ती. 'धम्म' या शब्दातील धकार ढिला झाला तर 'दम्म' होतो. आपण रोज बुद्धवंदनेत 'पुरिसदम्म' म्हणतो, त्यातील हा शब्द असून ज्याला वळण लावावयाचे आहे तो, असा त्याचा अर्थ आहे. एका श्वासाने अर्थाचे एवढे अंतर पडते! वंदना शिकविणाऱ्या उपासक-उपासिकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

'अस्सास' : श्वास आणि धीर

आता पालीकडे वळू. लॅटिन 'आस्पिरारे' या शब्दाच्या घडणीशी नेमका जुळणारा शब्द पालीत आहे. तो म्हणजे 'अस्सास'. त्याचे संस्कृत रूप 'आश्वास' होय. 'आ' म्हणजे 'च्याकडे' आणि 'श्वस्' म्हणजे श्वास घेणे. पालीत 'श्व' या जोडाक्षराचा 'स्स' होतो, आणि जोडाक्षरापूर्वीचा दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो. म्हणून 'आश्वास' या शब्दाचे 'अस्सास' झाले. 'विश्वास' या शब्दाचे 'विस्सास' झाले तेही याच नियमाने. लॅटिनमधील 'स्पिरारे' आणि आपल्याकडील 'श्वस्' हे एकाच मूळ धातूचे नव्हेत. त्यांची घडण मात्र सारखी आहे.

घडण सारखी असूनही दोन्ही शब्दांचे पुढील प्रवास निराळे झाले. लॅटिनमधील श्वास उंच ध्येयाकडे निघाला. पालीतील श्वास विसाव्याकडे वळला. 'अस्सास' या शब्दाचा एक अर्थ श्वास, तर दुसरा धीर, दिलासा, निर्धास्तपणा. भयाने माणसाचा श्वास कोंडतो आणि भय सरले की तो मोकळा होतो, हा सर्वांचा अनुभव आहे. मराठीतही आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. त्याच अनुभवातून हा दुसरा अर्थ उत्पन्न झाला. धीर देणे यासाठी पालीत 'अस्सासेति' हे क्रियापद आहे, आणि ज्याला धीर मिळाला तो 'अस्सत्थ'. योगायोग असा की पिंपळाच्या झाडालाही पालीत 'अस्सत्थ' हेच नाव आहे. ते 'अश्वत्थ' या शब्दावरून आले असून या दोहोंचा व्युत्पत्तीच्या दृष्टीने काही संबंध नाही. परंतु बोधिवृक्ष हा अस्सत्थ, आणि त्याखाली निर्भय झालेले तथागतही अस्सत्थ, हे ऐकताना मन थबकते खरे.

श्वास या अर्थी हा शब्द 'अस्सास-पस्सास' अशा जोडीने येतो. आनापानसतीच्या अभ्यासात तो मध्यवर्ती आहे. येथे एक जुना मतभेद नोंदवावा लागेल. अस्सास म्हणजे आत येणारा श्वास की बाहेर जाणारा? आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात सांगितले आहे की, विनयाच्या अट्ठकथेनुसार अस्सास म्हणजे बाहेर जाणारा श्वास, तर सुत्तांच्या अट्ठकथांनुसार त्याच्या उलट. गर्भातून बाहेर आलेल्या बालकाचा आतील वायू प्रथम बाहेर पडतो व नंतर बाहेरचा आत शिरतो, असे स्पष्टीकरणही त्यांनी दिले आहे. दोन्ही परंपरा समोर ठेवून त्यांतील भेद लपवावयाचा नाही, ही अट्ठकथाकारांची शिस्त अभ्यासकांनी अनुकरण करावी अशी आहे.

आश्वास कोणी द्यावयाचा?

धीर या अर्थी 'अस्सास' हा शब्द कोठे येतो ते पाहणे अधिक उद्‌बोधक आहे. आपल्या वाचकांच्या परिचयाचे कालाम सुत्त घ्या. ऐकीव गोष्टींवर, परंपरेवर, केवळ ग्रंथात आहे म्हणून विश्वास ठेवू नका, हा त्यातील उपदेश सर्वांना ठाऊक असतो. परंतु त्या सुत्ताचा शेवट क्वचितच सांगितला जातो. ज्याचे चित्त वैररहित व निर्मळ झाले आहे, अशा आर्यश्रावकाला याच जन्मी चार 'अस्सास' लाभतात, असे तेथे म्हटले आहे. परलोक असेल आणि कर्माला फळ असेल, तर त्याला सद्गती मिळेल. परलोक नसेल आणि कर्माला फळही नसेल, तरी येथे तो वैराविना सुखाने जगतोच. वाईट करणाऱ्याचे वाईट होत असेल, तर त्याने कोणाचे वाईट चिंतिलेलेच नाही. आणि होत नसेल, तर दोन्ही बाजूंनी तो शुद्धच आहे.

हे चारही आश्वास कोणी बाहेरून दिलेले नाहीत, ही येथे लक्षात घेण्याची गोष्ट आहे. त्यांत देवाचे वचन नाही, पुरोहिताचा आशीर्वाद नाही, परलोकाची हमीदेखील नाही. माणसाने स्वतःच्या आचरणातून व विचारातून ते मिळविलेले आहेत. आजच्या मराठीत 'आश्वासन' या शब्दाची काय अवस्था झाली आहे, हे सांगावयास नको. निवडणुकीच्या सभेत ते दिले जाते आणि पाच वर्षांनी पुन्हा दिले जाते. देणारा वर आणि घेणारा खाली, असा त्यात भेद असतो. पालीतील अस्सास हा मिळविण्याचा आहे, मागण्याचा नव्हे.

अंगुत्तरनिकायात सीह सेनापतीची कथा आहे. बुद्धांविषयी निरनिराळे आरोप ऐकून तो वैशालीत त्यांच्या भेटीस आला. त्या प्रत्येक आरोपाचा खरा अर्थ उलगडून सांगताना तथागत शेवटी म्हणतात की, आपण स्वतः परम आश्वास मिळविलेले आहोत आणि आश्वासासाठीच धम्म उपदेशितो. संयुत्तनिकायात महानाम शाक्य विचारतो की, आजारी पडलेल्या उपासकाला दुसऱ्या सुज्ञ उपासकाने कसा धीर द्यावा? भगवंतांनी चार 'अस्सासनीय' धम्म सांगितले आहेत : बुद्ध, धम्म आणि संघ यांवरील अढळ श्रद्धा आणि अखंड शील. त्याच सुत्ताच्या अखेरीस असेही म्हटले आहे की, अशा रीतीने विमुक्त झालेला उपासक आणि विमुक्त भिक्खू यांच्या विमुक्तीत काहीही फरक नाही. गृहस्थाला दुय्यम लेखणाऱ्यांनी हे स्थळ अवश्य पाहावे.

'निरास', 'आसंस', 'विगतास'

येथवर श्वासाचा विचार झाला. मग आकांक्षेसाठी पालीचा शब्द कोणता? शब्द अनेक आहेत, परंतु आपल्या प्रश्नाला सरळ भिडणारा शब्द 'आसंस' हा होय. 'शंस्' या धातूचा अर्थ उच्चारणे, वाखाणणे. 'प्रशंसा' हा शब्द त्यावरूनच आला. 'आ' हा उपसर्ग लागल्यावर आशा धरणे, इच्छिणे असा अर्थ होतो. म्हणजे 'आसंस' याचा 'अस्सास' याच्याशी धातूचा संबंध नाही. एक वाणीतून निघाला आहे, दुसरा श्वासातून.

अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात भगवंतांनी जगात तीन प्रकारची माणसे आढळतात असे सांगितले आहे : निरास, आसंस आणि विगतास. निरास म्हणजे ज्याला आशाच नाही तो, आसंस म्हणजे जो आशा धरून आहे तो, आणि विगतास म्हणजे ज्याची आशा पूर्ण होऊन निमाली आहे तो.

निरास कोण, हे सांगताना दिलेले उदाहरण आपण नीट वाचले पाहिजे. एक माणूस चांडाळाच्या, बुरूडकाम करणाऱ्याच्या, शिकाऱ्याच्या, रथकाराच्या किंवा पुक्कुसाच्या कुळात जन्मलेला आहे. तो दरिद्री आहे, त्याला अन्नवस्त्राची भ्रांत आहे. अमुक क्षत्रियाचा राज्याभिषेक झाला, असे त्याच्या कानी येते. परंतु आपलाही कधी असा अभिषेक होईल, हा विचार त्याच्या मनाला शिवतदेखील नाही. हा निरास. दुसरा, राजाचा ज्येष्ठ पुत्र. तो अभिषेकाला पात्र आहे, पण अभिषेक अजून झालेला नाही. तीच वार्ता ऐकून आपला अभिषेक कधी होईल, असे त्याला वाटते. हा आसंस. तिसरा, अभिषेक झालेला राजा. त्याला ही वार्ता ऐकून काहीच वाटत नाही, कारण त्याची ती इच्छा पूर्वीच पुरी झाली आहे. हा विगतास.

पहिला आणि तिसरा, दोघेही बाहेरून सारखेच दिसतात. दोघांच्याही मनात इच्छा नाही. परंतु एकाच्या मनात ती उगवूच दिलेली नाही, तर दुसऱ्याच्या मनात ती पूर्ण होऊन शांत झाली आहे. या दोन अवस्थांना एकच समजणे हाच आरंभी सांगितलेल्या आक्षेपातील मूळ दोष होय. समाजव्यवस्था माणसाचे अन्न हिरावून घेते, हे सर्वांना दिसते. ती त्याची इच्छा करण्याची शक्तीही हिरावून घेते, हे या सुत्ताने अचूक टिपले आहे. अशा माणसाला समाधानाचा उपदेश करणे म्हणजे त्याच्या निराशेलाच सद्गुणाचे नाव देणे होय.

सुत्ताचा उत्तरार्ध याहून महत्त्वाचा आहे. हीच तीन नावे भगवंत संघाला लावतात. तेथे निरास कोण? हीन कुळातला नव्हे, तर दुःशील भिक्खू. दुसरा भिक्खू आस्रवमुक्त झाला असे ऐकूनही ज्याच्या मनात आपणही व्हावे असे येत नाही, तो. आसंस म्हणजे शीलवान भिक्खू, ज्याला आपणही कधी मुक्त होऊ अशी ओढ आहे. आणि विगतास म्हणजे अर्हत. पूर्वार्धात आशेचा अधिकार जन्माने ठरत होता. उत्तरार्धात तो शीलाने ठरतो. राजपुत्राची जागा येथे कोणालाही घेता येते. थेरगाथेतील सुनीत थेर हा निर्माल्य झाडणारा, हीन मानल्या गेलेल्या कुळातला माणूस. त्याने राजगृहाच्या वाटेवर खांद्यावरची कावड खाली ठेवली, प्रव्रज्या मागितली आणि तो अर्हत झाला. व्यवस्थेने ज्याला निरास ठरविले होते तो आसंस झाला, आणि आसंस झाला म्हणूनच पुढे विगतास होऊ शकला.

तृष्णा आणि छंद

तरीही शंका उरतेच : मुक्तीची का होईना, पण इच्छा ती इच्छाच, मग ती तृष्णा कशी नव्हे? हीच शंका उण्णाभ नावाच्या ब्राह्मणाने कोसंबीच्या घोसितारामात भदंत आनंदांपुढे मांडली होती. छंदाचा त्याग करावयाचा आणि तोही छंदाच्याच साहाय्याने, तर मग या मार्गाला अंतच राहणार नाही, असे त्याचे म्हणणे. ('छंद' म्हणजे येथे इच्छा, करण्याची ओढ.) आनंदांनी त्याला विचारले : आरामाकडे येण्याची इच्छा तुला आधी होती ना? येथे पोहोचल्यावर ती शमली ना? उण्णाभाने ते मान्य केले. मुक्तीच्या इच्छेचेही तसेच आहे.

म्हणूनच पाली वाङ्मयात छंद हा शब्द दोन्हीकडे आढळतो. 'कामच्छंद' हे पाच नीवरणांपैकी पहिले. आणि 'छंद' हाच चार इद्धिपादांपैकीही पहिला. सम्यक व्यायामातही कुशल धम्म उत्पन्न व्हावेत यासाठी छंद उत्पन्न करावा, असेच सांगितले आहे. तृष्णा या शब्दाचा मूळ अर्थ तहान. खारे पाणी पिऊन भागत नाही अशी ती तहान. जी गंतव्य स्थानी पोहोचताच शांत होते ती इच्छा, आणि जी मिळेल तेवढे गिळून वाढतच जाते ती तृष्णा, असा हा भेद आहे.

आणखी एका सुत्तात आनंद एका भिक्खुणीला सांगतात की, तृष्णेच्या आधारे तृष्णा सोडता येते आणि मानाच्या आधारे मान सोडता येतो. अमुक भिक्खू मुक्त झाला असे ऐकून साधकाला वाटते, त्याला साधले तर मला का साधू नये? हा मानच आहे. पण त्याच्याच बळावर साधक पुढे जातो आणि शेवटी मानाच्याही पार होतो. 'त्याला साधले तर मला का नाही' हे वाक्य आपल्या वस्त्यांतून किती पिढ्यांनी मनातल्या मनात गिळून टाकले असेल! धम्माने ते उच्चारण्यास अनुमती दिली आहे.

गृहस्थाची आकांक्षा

हे सर्व मुक्तीविषयी झाले. संसारी माणसाचे काय? अनाथपिंडिकाला उपदेश करताना भगवंतांनी चार गोष्टी इष्ट, प्रिय पण दुर्लभ म्हणून सांगितल्या आहेत : धम्माने मिळविलेली संपत्ती, आप्तेष्टांत व गुरुजनांत कीर्ती, दीर्घायुष्य आणि मरणोत्तर सद्गती. त्यांची इच्छा धरू नये असे ते म्हणत नाहीत. त्या कशाने लाभतात ते सांगतात : श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा. मिळविलेल्या संपत्तीने आईवडील, पत्नी, मुले, सेवक व मित्र यांना सुखी करावे, असेही तेथे आहे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बुद्धांच्या आवडीनिवडी सांगताना दोन प्रकरणे एकापुढे एक ठेवली आहेत. पहिल्यात बुद्धांना दारिद्र्य नापसंत होते असे सांगितले आहे. दुसऱ्यात संग्रहवृत्तीही नापसंत होती असे सांगितले आहे. या क्रमात आपल्या प्रश्नाचे उत्तर सामावले आहे. दारिद्र्याचा गौरव हा निरासाचा मार्ग, आणि हावरेपणा हा तृष्णेचा. दोहोंच्या मधून जाणारी वाट आसंसाची आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लक्षावधी लोकांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा ते या वाटेवर उभे राहिले.

तेव्हा मुलीला उच्च शिक्षण देऊ इच्छिणाऱ्या उपासकाने संकोच बाळगण्याचे कारण नाही. त्याने स्वतःला एवढेच विचारावे : ही इच्छा शीलाला धरून आहे काय? ती दुसऱ्याचे हिरावून घेत नाही ना? ध्येय गाठल्यावर ती शांत होईल, की अधिकच भडकेल? आनापानसतीत श्वास कोंडून धरावयाचा नसतो. तो दीर्घ असेल तर दीर्घ, ऱ्हस्व असेल तर ऱ्हस्व म्हणून जाणावयाचा असतो, आणि असे जाणता जाणता तो आपोआप शांत होत जातो. आकांक्षेलाही हाच न्याय लावावा. ती दडपून कोणी विगतास होत नाही. तिला जाणून, तिला शीलाचे वळण लावून आणि ती पूर्णतेला नेऊनच माणूस तिच्या पार जातो.